आईची फुंकणी

गेल्या आषाढांत आमच्या शाळेच्या सभागृहांत फुफ्फुसांची तपासणी झाली, ती पुष्कळ विद्यार्थ्यांच्या स्मरणांत असेल. शाळेचे एक माजी विद्यार्थी आतां छातीच्या विकारांचे डॉक्टर आहेत. ते आपलें यंत्र घेऊन मुद्दाम आले होते. खोल श्वास घ्यावयाचा, नळी ओठांत घट्ट धरावयाची आणि छातींत असेल तितकी हवा एका दमांत बाहेर टाकावयाची, एवढेंच काम; परंतु मुलांस तो एक खेळच झाला. कोणाचे गाल फुगले, कोणाचे कान लाल झाले, आणि सहाव्या इयत्तेंतील एक चिमुरडा तर फुंकतां फुंकतां खुर्चीवरून घसरला, तेव्हां सारें सभागृह हंसलें.

मुलांचें आटोपल्यावर शिक्षकांची पाळी आली. मीं तंबाखूस जन्मांत कधीं हात लाविलेला नाहीं, रोज पहाटे फिरावयास जातों, आणि वर्गांत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोंचविण्याची मला संवय आहे. माझा आंकडा उत्तम येणार याविषयीं मला तिळमात्र शंका नव्हती. पडद्यावर उमटलेली वांकडी रेषा पाहून डॉक्टरांनीं मला पुन्हां फुंकावयास सांगितलें, मग तिसऱ्यांदां. तिन्ही वेळां उत्तर एकच आलें. माझ्या वयाच्या व उंचीच्या निरोगी मनुष्यानें पहिल्या एका सेकंदांत जितकी हवा बाहेर टाकावी, तिच्या शेंकडा ७४ इतकीच माझ्या छातींतून निघत होती.

"सर, कधीं विडी-सिगारेट?" त्यांनीं मुलांस ऐकूं जाणार नाहीं अशा बेतानें विचारलें.

यांत रागावण्याजोगें कांहींच नव्हतें. विचारणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. तरी माझ्या मनास चटका बसला, कारण हाच प्रश्न मीं पूर्वीं एकदां ऐकला होता. आणि तो मला नव्हे, माझ्या आईला विचारला गेला होता.

तें साल २००३. आई तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षांची होती. नगर जिल्ह्यांतील आमच्या खेड्याच्या लहानशा मंडळींत रविवारच्या उपासनेचें गायन तीच सुरू करीत असे. पेटी नसली तरी अडत नसे. आईनें सूर धरला कीं मागून सर्वांनीं यावें असा क्रम. पुढें पुढें असें होऊं लागलें कीं कडव्याच्या मध्येंच तिचा आवाज थांबे. लोकांस वाटे, ती मुद्दाम इतरांस गाऊं देत आहे. एके रविवारीं ती उभीच राहिली नाहीं, तेव्हां मीं तिला शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं छाती तपासली, क्ष-किरणांचें चित्र पाहिलें आणि विचारलें, "बाई, विडी ओढतां कां?" आई म्हणाली, नाहीं. "मिश्री? तंबाखू?" नाहीं. मग त्यांनीं कागदावरून दृष्टि न काढतां म्हटलें, "खरें सांगा."

परत येतांना एस.टी.च्या गाडींत ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. गांवचा फाटा जवळ आल्यावर म्हणाली, "मी कधीं खोटें बोललें आहें कां रे?"

जन्मांध मनुष्यास पाहून प्रभूच्या शिष्यांनीं जो प्रश्न केला होता, कीं पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें, तो प्रश्न अद्यापि जगांतून गेलेला नाहीं. त्यानें दवाखान्यांत फक्त वेष पालटला आहे. आणि खरें सांगावयाचें तर मीही त्या वेळीं आईच्या रोगाचें कारण तिच्याच कोठल्या तरी हयगयींत शोधीत होतों. तूं औषध वेळेवर घेत नाहींस, पावसांत भिजतेस, असें तिला बोलत होतों.

कारण मात्र आमच्या घरांतच, जमिनीवर, तीन दगडांच्या मध्यें बसलें होतें. आमचें स्वयंपाकघर अंधारें असे. भिंतींत वितभर झरोका, धुरांडें नाहीं. उन्हाळ्यांत बाभळीचीं लांकडें व गोवऱ्या, सुगीनंतर तुरीच्या काड्या व कपाशीच्या पऱ्हाट्या, आणि पावसाळ्यांत जें मिळेल तें, बहुधा ओलें. ओलें सरपण पेटत नाहीं, धुमसतें. आणि तें धुमसूं लागलें कीं आई फुंकणी घेऊन चुलीशीं वांके. ती हातभर लांबीची लोखंडी नळी तोंडाकडच्या बाजूनें घांसून घांसून रुप्यासारखी झाली होती. फुंकण्यापूर्वीं श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास धुराचाच असतो, ही गोष्ट आम्हां भाकरी खाणाऱ्यांच्या कधीं मनांत आली नाहीं. मध्यें एकदां सरकारी योजनेंतून निर्धूर चूल आमच्याकडे बसली होती. पहिल्या वर्षीं तिचें सर्वांस कौतुक वाटलें. दुसऱ्या पावसाळ्यांत नळींत काजळी भरली, वरचें टोपण वाऱ्यानें उडालें, ती दुरुस्त करावयास कोणी आलें नाहीं, आणि आम्हींही कोणास बोलाविलें नाहीं. आई जुन्या चुलीवर परत गेली.

येथवरची गोष्ट सरळ आहे. परंतु त्याच चुलीशीं माझी मोठी काकूही बसत असे. एक दिवस आई, एक दिवस काकू, अशी त्यांची पाळी. सुमारें वीस वर्षें. तोच धूर, तींच लांकडें, तोच झरोका. काकू आज सत्तरीच्या पुढें आहे आणि अजून पाण्याची बादली घेऊन पायऱ्या चढते. आई २००९ च्या जानेवारींत गेली. एकाच धुरानें एकीस नेलें व दुसरीस सोडलें, हें कसें? माझा विषय भूगोल, वैद्यक नव्हे. परंतु आषाढांतील त्या तपासणीनंतर हें कोडें मला स्वस्थ बसूं देईना, आणि डॉक्टरांनीं दिलेलीं पुस्तकें व लेख मी रात्रीं वाचूं लागलों. त्यांतून जें समजलें तें येथें सांगतों.

या विकारास डॉक्टर लोक सी.ओ.पी.डी. म्हणतात, आमच्याकडे सरसकट दमाच म्हणतात, आणि त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. मनुष्याच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारें ४८ कोटी वायुकोश असतात, आणि त्यांच्यापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणें बारीक बारीक होत जातात. या रोगांत त्या बारीक नळ्या सुजून आंखडतात, कांहीं नाहींशाच होतात, आणि वायुकोशांच्या भिंती झिजून फुटतात. हवा आंत जाते पण बाहेर येत नाहीं. रोग्याची छाती रिकामी नसते, उलट शिळ्या हवेनें भरलेली असते. आई म्हणत असे, "श्वास घेतां येतो, पण ठेवावयाला जागा नाहीं." तिचें तें वाक्य किती अचूक होतें, हें मला आतां समजतें. कोणांत नळ्यांचा बिघाड अधिक असतो, कोणांत वायुकोशांचा. कोणास कफ पुष्कळ, कोणास मुळींच नाहीं. एका नांवाखालीं अनेक रोग गोळा झाले आहेत कीं काय, हा वाद शास्त्रज्ञांमध्यें अजून चालूं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२१ सालीं या विकारानें सुमारें ३५ लक्ष माणसें मृत्यु पावलीं.

फुंकून मोजण्याची युक्ति जुनी आहे. जॉन हचिन्सन नांवाच्या इंग्रज वैद्यानें १८४६ सालीं आपल्या स्पायरोमीटर यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानें खलाशी, शिपाई, पहिलवान, भिकारी अशा दोन हजारांहून अधिक लोकांकडून त्यांत फुंकविलें होतें. उंच मनुष्याच्या छातींत हवा अधिक मावते, आणि ती किती तें उंचीवरून आधींच सांगतां येतें, हा नियम त्यानेंच दाखविला. माझा शेंकडा ७४ हा आंकडा ज्या तुलनेवरून निघाला, तिचें मूळ तेथें आहे.

लंडनमध्यें १९५२ च्या डिसेंबरांत कोळशाच्या धुराचें व धुक्याचें असें दाट पटल पांच दिवस बसलें कीं हजारों माणसें दगावलीं. फुफ्फुसाच्या जुनाट विकाराचा अभ्यास इंग्लंडांत आधींपासून चालूं होता. त्यास यानंतर जोर आला. चार्ल्स फ्लेचर व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ पासून पश्चिम लंडनमधील ७९२ कामकरी पुरुष निवडले आणि आठ वर्षें पुन्हां पुन्हां त्यांचा श्वास मोजला. त्या वेळीं इंग्रज वैद्यांचा असा समज होता कीं आधीं कफ होतो, कफामुळें छाती वारंवार बिघडते, आणि मग नळ्या आंखडतात. फ्लेचर स्वतः याच मताचे होते. आठ वर्षांच्या मोजमापानंतर दिसलें तें निराळेंच: कफाचा व नळ्या आंखडण्याचा तसा संबंध नव्हता, दोन्ही तंबाखूपासून होत, पण वेगवेगळे. त्यांनीं आपलें मत बाजूस ठेवून तेंच छापलें. विद्यार्थ्यांस प्रयोगवहींत "अपेक्षित" उत्तर आणण्यासाठीं आंकडे फिरवितांना मीं पाहिलें आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहितों.

त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट निघाली. सारखीच सिगारेट ओढणाऱ्यांत कांहींची फुफ्फुसें झपाट्यानें खालावत आणि पुष्कळांचीं जवळ जवळ सामान्य गतीनेंच झिजत. ज्यांनीं व्यसन सोडलें त्यांची गेलेली शक्ति परत आली नाहीं, पण पुढील घसरण मंद झाली. म्हणजे धूर एक आणि परिणाम अनेक, हें माझ्या घरचेंच कोडें लंडनमध्येंही होतें. हॉलंडच्या ग्रोनिंगन शहरांतील ओरी नांवाचे प्राध्यापक म्हणत कीं याचें उत्तर मनुष्याच्या प्रकृतींत शोधावें: कोणाच्या नळ्या मुळांतच चिडखोर असतात. इंग्रज व डच असे दोन पंथच त्या काळीं पडले होते.

प्रकृतीचा एक पुरावा स्वीडनमध्यें अगदीं अकल्पित रीतीनें सांपडला. माल्मो येथें लॉरेल हे रक्तांतील प्रथिनांच्या तपासणीच्या पट्ट्या पाहत असतां, सुमारें १५०० पट्ट्यांपैकीं पांचांत एक रेघ उमटलीच नव्हती. दुसरा कोणी "पट्टी बिघडली" म्हणून ती टाकून देता. त्यांनीं एरिक्सन या तरुण डॉक्टरास त्या पांच जणांचा शोध घ्यावयास लाविलें, आणि पांचांपैकीं तिघांचे वायुकोश ऐन वयांत फुटलेले आढळले. हें १९६३ सालीं प्रसिद्ध झालें. ती नाहींशी रेघ म्हणजे फुफ्फुसाचें रक्षण करणारें एक प्रथिन, आणि त्याचा अभाव आईबापांकडून मुलांत उतरतो. हा दोष मुख्यत्वें युरोपीय वंशाच्या लोकांत दिसतो, तेव्हां आमच्या घरास तो लागू नसावा. परंतु शरीराच्या घडणींत असें कांहीं असूं शकतें, एवढें त्यानें सिद्ध केलें.

या सर्व अभ्यासांत चूल कोठें आहे, हें मी शोधीत होतों. ती मला दिल्लींत सांपडली. ब्रह्मदेशांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. पद्मावती पुढें दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयांत आल्या. फुफ्फुसांच्या जुनाट विकारानें ज्यांच्या हृदयाची उजवी बाजू ताणली आहे अशा रोग्यांचा त्यांनीं अभ्यास केला. १२७ रोग्यांवरील त्यांचा निबंध १९५९ सालीं अमेरिकेंतील हृदयविषयक नियतकालिकांत छापला गेला. पाश्चात्य ग्रंथांप्रमाणें हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग. आणि येथें तर स्त्रियांची संख्या पुरुषांइतकीच, त्यांपैकीं बहुतेक धूम्रपान न करणाऱ्या. पद्मावतीबाईंची दृष्टि स्वयंपाकघरांतील धुराकडे गेली. पुढें १९८४ सालीं नेपाळच्या डोंगराळ खेड्यांत डॉ. पांडे यांनीं दाखविलें कीं चुलीशीं रोज जितके तास अधिक, तितका छातीचा विकार अधिक.

हीं सालें मीं पुन्हां पुन्हां पाहिलीं. १९५९, १९८४. आणि माझ्या आईला "खरें सांगा" असें म्हटलें गेलें तें २००३ सालीं. ज्ञान छापलें जाणें आणि तें दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोंचणें, यांमध्यें किती अंतर असतें! त्या तरुण डॉक्टरांवर आतां माझा राग नाहीं. त्यांस जें पुस्तक शिकविलें गेलें तें लंडनच्या पुरुषांवरून लिहिलेलें होतें.

आई गेली त्याच वर्षीं, २००९ च्या ऑगस्टांत, पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा एक लेख "लॅन्सेट" या प्रसिद्ध नियतकालिकांत आला. या विकाराच्या रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ४५ जणांनीं कधींच धूम्रपान केलेलें नसतें, असा त्यांचा अंदाज होता. जगांत तंबाखू ओढणारे सुमारें शंभर कोटी, तर लांकूड, शेण व काडीकचरा यांच्या धुरांत राहणारे सुमारें तीनशें कोटी, ही तुलना त्यांतच आहे. मागाहून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें २०१६ सालीं भारतांत या रोगाचे ५ कोटी ५३ लक्ष रोगी होते, आणि रोगाच्या एकंदर भारांतील निम्म्याहून अधिक वांटा दूषित हवेचा, तर चौथा हिस्सा तंबाखूचा. मी तो लेख आईच्या फुंकणीजवळ ठेविला आहे. ती फुंकणी मीं घरीं आणली आहे. पत्नी म्हणते, तिला गंज लागेल. परंतु तेल लावून ठेविली म्हणजे लागत नाहीं.

धुरांडें असतें तर आई वांचली असती कीं काय, याचेंही उत्तर कोणी तरी मोजून ठेविलें आहे. चीनमधील शुआनवेइ जिल्ह्यांत लोक घरांत कोळसा जाळीत व धूर आंतच कोंडे. १९७६ ते १९९२ या काळांत ज्या घरांनीं धुरांड्याच्या शेगड्या बसविल्या, त्यांतील पुरुषांत हा विकार शेंकडा ४२ नीं, तर स्त्रियांत शेंकडा २५ नीं कमी आढळला. परंतु हा फरक स्पष्ट दिसावयास धुरांडें बसल्यापासून सुमारें दहा वर्षें लागलीं. आमची निर्धूर चूल दोन वर्षें टिकली होती. आतां २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ खेड्यांत गेला आहे, तरी टाकी संपली व पैसे नसले कीं अंगणांत तीन दगड पुन्हां मांडले जातात, हें खेड्यांत राहणाऱ्या पालकांस मीं सांगावयास नको.

आतां माझ्या स्वतःच्या आंकड्याविषयीं. आमच्या डॉक्टरांनीं मला विडीविषयीं विचारून झाल्यावर दुसरे प्रश्न विचारले, तेव्हां मला आश्चर्य वाटलें. तुमचा जन्म कोठें झाला? दिवस भरले होते कां? लहानपणीं न्युमोनिया झाला होता कां? चव्वेचाळीस वर्षांच्या मनुष्यास कोणी असें विचारतो काय! पण त्या प्रश्नांमागें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन होतें. फुफ्फुसें विशी-पंचविशीपर्यंत वाढतात आणि नंतर प्रत्येकाचीं थोडीं थोडीं झिजतात. निरोगी मनुष्याच्या एका सेकंदाच्या फुंकरींत दरवर्षीं सुमारें २५ ते ३० मिलिलीटर घट होते. पूर्वीं असें मानीत कीं ज्याची घट फार वेगानें होते त्यासच हा रोग जडतो. कोपनहेगनचे पीटर लांगे व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील व डेन्मार्कमधील सुमारें तीन हजार लोकांचे बावीस वर्षांचे आंकडे जुळविले, तेव्हां असें दिसलें कीं रोग जडलेल्यांपैकीं जवळ जवळ अर्ध्यांची घट सामान्यच होती. त्यांचीं फुफ्फुसें मुळांत पुरतीं वाढलींच नव्हतीं. चाळिशीपूर्वीं ज्यांचा आंकडा शेंकडा ८० च्या खालीं होता त्यांपैकीं शेंकडा २६ जणांस रोग झाला. ज्यांचा वर होता त्यांपैकीं केवळ ७ जणांस.

म्हणजे कोणाची टांकी गळते, आणि कोणाची मुळांत अर्धीच भरलेली असते. माझी दुसऱ्या प्रकारची असावी, असें डॉक्टरांचें मत आहे. सहा महिन्यांनीं पुन्हां मोजावयाचें आहे.

आणि आई व काकू? त्यांच्या बालपणाचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. काकूचें माहेर वाड्याचें, तेथें स्वयंपाक मागच्या पडवींत होई. आई एका खोलीच्या घरांत वाढली व लहानपणीं तिला गोवर आणि डांग्या खोकला दोन्ही झाले होते, एवढें ठाऊक आहे. शिवाय २०२० सालीं बेंजामिन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजारों लोकांच्या छातीचीं सी.टी. चित्रें तपासून दाखविलें कीं फुफ्फुसाच्या मानानें श्वासनलिका सर्वांच्या सारख्या रुंद नसतात; ज्यांच्या त्या अरुंद, त्यांस कधीं धूम्रपान न करतांही हा विकार अधिक होतो. सख्ख्या भावंडांचीं नाकें सारखीं नसतात, तर दोन जावांच्या छातींतील नळ्या सारख्या कोठून असणार? काकूच्या नळ्या रुंद असतील. आईचा त्यांत अपराध तो काय!

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. आठव्या इयत्तेंतील एक मुलगा कवाइतीच्या वेळीं दुसऱ्या फेरींतच थांबत असे. मीं त्यास आळशी म्हटलें; इतकेंच नव्हे, एकदां सर्वांसमक्ष तिसरी फेरी एकट्यास धांवावयास लाविली, आणि तो मधूनच बसल्यावर मुलें हंसलीं तरी मीं त्यांस दटाविलें नाहीं. तपासणीच्या दिवशीं त्याचा आंकडा सर्वांत कमी आला. मग मी त्याच्या घरीं गेलों. एक खोली, तिच्यांत कोळशाची इस्त्री, तेथेंच स्वयंपाक, आणि रात्रीं दार लावून मच्छरांची कॉइल. (अशी एक कॉइल जळतांना जितके सूक्ष्म कण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असें २००३ सालच्या एका मोजमापांत आढळलें होतें, मला तें वाचून खोटें वाटलें, पण आंकडा तसा आहे.) मुलास बालदमा आहे व औषधाचा पंप लपवून ठेवावा लागतो, कारण त्यास त्याची लाज वाटते, असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. बालपणापासून सौम्य ते मध्यम स्वरूपाचा चिवट दमा असलेल्या ६८४ मुलांवर उत्तर अमेरिकेंत लक्ष ठेविलें गेलें, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ११ जणांचीं फुफ्फुसें तारुण्यांतच या जुनाट रोग्यांसारखीं दिसलीं. मीं ज्यास आळस म्हटलें तें हें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत, सर्वांसमक्षच, मीं त्याची क्षमा मागितली. तो खालीं पाहत राहिला. आतां इस्त्रीचें टेबल पडवींत गेलें आहे, कॉइलच्या जागीं मच्छरदाणी आली आहे, आणि पंप त्याच्या दप्तराच्या बाहेरच्या खिशांत असतो. धांवण्याच्या शर्यतींत तो अजून शेवटचाच येतो.

नाताळच्या सुट्टींत मी गांवीं गेलों होतों. काकूकडे गॅस आहे. करंज्या त्यावरच तळल्या. पण स्नानाचें पाणी अंगणांतील चुलीवर तापतें, कारण त्या पाण्यास गॅस जाळणें तिला पटत नाहीं. डॉक्टरांचे प्रश्न मीं तिला विचारले. माझा जन्म श्रावणांतला, दिवस पुरे भरण्याच्या आधींचा, हें तिच्यापाशींच कळलें. घर गळत होतें. कोरडी जागा एकच, स्वयंपाकघराचा कोंपरा. तेथें बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिनें चाळीस दिवस आईला व मला शेक दिला, आणि सकाळ-संध्याकाळ ओंवा व वावडिंग टाकून धुरी दिली. ग्वातेमाला देशांत उघड्या चुलीच्या जागीं धुरांड्याची शेगडी दिली तेव्हां तान्ह्या बालकांचा जोराचा न्युमोनिया तिसऱ्या हिश्शानें घटला, असें २०११ च्या एका निबंधांत आहे; तो निबंध मीं आदल्याच आठवड्यांत वाचला होता.

"एवढासा होतास," तिनें हाताची ओंजळ करून दाखविली, "लोक म्हणत, राहत नाहीं. मीं धूर विझूं दिला नाहीं. म्हणून राहिलास. डॉक्टर काय म्हणाले मग?"

"ठीक आहे म्हणाले," मीं सांगितलें.

चुलींतील जाळ मंदावला होता. काकू उठली, कोनाड्यांतील पत्र्याची नळी घेतली, खालीं वांकली आणि एक लांब फुंकर मारली. लांकूड पेटलें. तिनें डोळे पुसले, कढत पाण्याची बादली उचलली व माझ्याशीं बोलत बोलतच पायऱ्या चढून गेली.